गेंड्याला पडलेली एक लाख मते

१९५९ च्या ऑक्टोबर महिन्यात ब्राझीलमधील साओ पाउलो शहरात नगरसभेची निवडणूक झाली. जागा ४५ होत्या आणि उमेदवार सुमारे ५४०. मतपेट्या उघडल्या, मोजणी सुरू झाली आणि कर्मचाऱ्यांच्या हाती एकाच नावाच्या चिठ्ठ्या पुनःपुन्हा येऊ लागल्या. नाव होते काकारेको. या नावाचा कोणी माणूस उमेदवारांच्या यादीत नव्हता, कारण काकारेको ही शहराच्या नव्या प्राणिसंग्रहालयातली गेंड्याची मादी होती. ती मूळची रिओ दि जानेरोच्या प्राणिसंग्रहालयाची. साओ पाउलोचे प्राणिसंग्रहालय १९५८ मध्ये सुरू झाले, तेव्हा काही काळापुरती तिला तिथून मागून आणले होते. तिच्या नावाने जवळपास एक लाख मते पडली. त्या निवडणुकीत उभ्या असलेल्या एकाही माणसाला इतकी मते मिळाली नाहीत.

ही हकिगत सांगितली की ऐकणारा हसतो आणि विषय तिथेच संपतो. माझ्या मते तो तिथे सुरू व्हायला हवा. गेंड्याला, माकडाला, खेचराला किंवा बोक्याला मते पडतात, पदे मिळतात, त्यांची नावे सरकारी कागदावर येतात, तेव्हा प्राण्याने काहीच केलेले नसते. त्याला निवडणूक ठाऊक नसते आणि पदही ठाऊक नसते. मग घडते काय? व्यवस्थेत कुठेतरी एक मोकळी जागा राहिलेली असते. कुठे मतपत्रिकेवर हवे ते नाव लिहिण्याची सोय असते, कुठे अर्ज तपासणारा माणूस अर्जाकडे पाहतच नाही, तर कुठे गावाला महापौराचे पदच नसते. त्या मोकळ्या जागेतून लोक प्राण्याला आत आणतात. म्हणून अशी बातमी वाचताना प्राण्यापेक्षा त्या जागेकडे आधी पाहावे. ती सापडली की बातमीचा अर्थ उलगडतो.

साओ पाउलोतली मोकळी जागा कागदाची होती. तेव्हाचे मतदान कागदी होते आणि मतदाराने आत टाकलेल्या कागदावर कोणते नाव असावे, यावर मतदानाच्या क्षणी कोणाचे नियंत्रण नव्हते. काकारेकोचे नाव छापलेल्या चिठ्ठ्या तिच्या समर्थकांनी शहरभर वाटल्या. ही कल्पना एका पत्रकाराने मांडली होती आणि विद्यार्थ्यांनी ती उचलून धरली. पण नुसती कल्पना चांगली असून एक लाख माणसे हलत नाहीत. शहराची वाढ बेसुमार झाली होती, अनेक वस्त्यांमधले रस्ते कच्चे होते, सांडपाण्याची व्यवस्था नव्हती, अन्नधान्याची टंचाई होती आणि महागाई रोज वाढत होती. त्यातच नगरसभेची अब्रू भ्रष्टाचाराच्या आरोपांनी गेलेली होती. आणखी एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. ब्राझीलमध्ये मतदान सक्तीचे होते आणि आजही आहे. जिथे मत देणे ऐच्छिक असते, तिथे नाराज माणूस घरी बसतो आणि त्याची नाराजी मतदानाच्या घसरलेल्या टक्केवारीत विरघळून जाते. जिथे केंद्रावर जावेच लागते, तिथे त्याच नाराजीला कागदावर उतरावे लागते. कोरा कागद टाकला तर तो कंटाळा होता की राग, हे कोणाला कळत नाही. गेंड्याचे नाव टाकले तर कळते.

पोर्तुगीज भाषेत ‘काकारेको’ म्हणजे मोडके, टाकाऊ सामान, आपल्याकडच्या भाषेत अडगळ. हे नाव तिला निवडणुकीच्या कितीतरी आधी मिळाले होते, पण मत देणाऱ्यांना त्यातला अर्थ चांगलाच भावला असणार. निवडणूक अधिकाऱ्यांनी ही सारी मते बाद ठरवली आणि कायद्याच्या दृष्टीने दुसरे काही करणे शक्यही नव्हते. नगरसभेच्या ४५ जागा माणसांनीच भरल्या. मात्र त्यानंतर ब्राझीलच्या राजकीय बोलीत निषेधाच्या मताला ‘काकारेको मत’ असा शब्दप्रयोग रूढ झाला. बाद झालेल्या मतांनी भाषेत जागा मिळवली.

पुढची पायरी १९८८ ची. या वेळी शहर रिओ दि जानेरो, पद महापौराचे आणि प्राणी चिंपांझी. तियाओ नावाचा हा नर रिओच्या प्राणिसंग्रहालयात १९६३ मध्ये जन्मला होता आणि शीघ्रकोपी म्हणून प्रसिद्ध होता. पाहुण्यांवर, आणि त्यात येणाऱ्या पुढाऱ्यांवरही, तो चिखल आणि विष्ठा फेकत असे. एका विनोदी नियतकालिकाने त्याची उमेदवारी जाहीर केली. त्याला सुमारे चार लाख मते पडली आणि डझनभर उमेदवारांत तो तिसरा आला असता, असे सर्वत्र सांगितले जाते. गिनेसच्या विक्रमांतही या मतांची नोंद झाली आहे.

हा आकडा वाचताना मात्र सावध राहायला हवे, आणि का राहायला हवे हे समजावून सांगणे मला गरजेचे वाटते. निवडणूक यंत्रणा मोजते ती वैध मते. जी बाद असतात ती एकत्रच मोजली जातात. कोणी गेंड्याचे नाव लिहिले, कोणी शिवी लिहिली, कोणी चुकून दोन खुणा केल्या, हे सगळे एकाच ढिगाऱ्यात जाते. त्यामुळे प्राण्याला पडलेल्या मतांचा अधिकृत, नावनिशीवार हिशेब बहुतेक वेळा ठेवलेलाच नसतो. जो आकडा लोकांच्या तोंडी राहतो तो मोजणीच्या टेबलाशी बसलेल्यांच्या आठवणींतून आणि पत्रकारांच्या अंदाजातून आलेला असतो. मते खरी असतात आणि त्यांची संख्याही मोठी असते, पण ती संख्या शेवटच्या अंकापर्यंत खरी मानण्याचे कारण नाही.

रिओतली ही मोकळी जागा पुढे यंत्राने बुजवली. ब्राझीलने १९९६ पासून मोठ्या शहरांत आणि २००० पर्यंत देशभर इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्रे आणली. या यंत्रावर मतदार उमेदवाराचा क्रमांक दाबतो. क्रमांक दाबला की उमेदवाराचे छायाचित्र दिसते आणि मग मतदार ते मत पक्के करतो. कोरे मत देण्यासाठी वेगळे बटण असते आणि अस्तित्वात नसलेला क्रमांक दाबून मत बादही करता येते. पण नाव लिहिता येत नाही. यंत्रे मोजणीतला घोटाळा आणि विलंब टाळण्यासाठी आली होती आणि ते काम त्यांनी केले. मात्र त्याबरोबर मतदाराच्या हातातली पेन्सिलही गेली. बाद मतांची संख्या आजही कळते. त्यांच्यामागे काय होते, हे आता कळत नाही. तियाओ डिसेंबर १९९६ मध्ये मधुमेहाने मरण पावला. शहराने त्याच्यासाठी अधिकृत दुखवटा पाळला.

काकारेकोची गोष्ट दूर कॅनडात पोहोचली होती. १९६३ मध्ये क्वेबेकमधील डॉक्टर आणि लेखक जाक फेराँ यांनी ‘गेंडा पक्ष’ स्थापन केला आणि ग्रॅन्बीच्या प्राणिसंग्रहालयातल्या कॉर्नेलियस नावाच्या गेंड्याला त्याचा नामधारी नेता केले. गेंडाच का, याचे उत्तर पक्षाकडे तयार होते. गेंड्याची कातडी जाड असते, तो मंद चालतो, त्याची बुद्धी फार तेज नसते, पण स्वतःवर संकट आले की तो कमालीच्या वेगाने पळतो, म्हणून राजकारणी माणसाशी त्याचे जवळचे साम्य आहे, असे ते म्हणत. निवडून आल्यास एकही आश्वासन पाळणार नाही, हे त्यांचे मुख्य आश्वासन होते. गुरुत्वाकर्षणाचा कायदा रद्द करू, असेही ते सांगत.

इथे प्राणी वापरण्याची तऱ्हा साओ पाउलोपेक्षा वेगळी आहे. तिकडे प्राणी स्वतःच उमेदवार होता आणि म्हणून मत बाद होत होते. इकडे गेंडा फक्त नावाला पुढारी होता, मतपत्रिकेवर रीतसर अर्ज भरलेली माणसे होती आणि म्हणून मत वैध होते, मोजले जात होते, निकालात छापले जात होते. १९८० च्या राष्ट्रीय निवडणुकीत या पक्षाला देशभरात एक टक्क्याच्या आसपास मते मिळाली. उपहासाला अधिकृत आकडेवारीत बसवण्याचा याहून नेमका मार्ग मला दुसरा आढळलेला नाही.

या पक्षाला नंतर अडवले ते पैशाने. १९९३ च्या सुमारास कॅनडात नियम असा झाला की, नोंदणीकृत पक्ष म्हणून टिकायचे असेल तर किमान ५० मतदारसंघांत उमेदवार उभे करावेत आणि प्रत्येकी १,००० डॉलर अनामत भरावी. गेंडा पक्षाला हे मान्य नव्हते आणि १९९३ मध्ये त्याची नोंदणी संपली. असे नियम करणाऱ्यांचे म्हणणे असते की निवडणूक गंभीर गोष्ट आहे, हौशी लोकांना गाळले पाहिजे. ते म्हणणे वरवर पटते. पण चाळणी पैशाची असली की तीत अडकतो तो गरीब. गंभीर नसलेला मागे राहीलच असे नाही. हाच नियम कॅनडाच्या कम्युनिस्ट पक्षालाही लागू पडला. त्या पक्षाचे नेते मिगेल फिगेरोआ न्यायालयात गेले आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५० उमेदवारांची अट घटनाबाह्य ठरवली. लहान पक्षालाही लोकांच्या राजकीय चर्चेत स्थान आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. गेंडा पक्ष पुढे पुन्हा उभा राहिला.

आता मूळ प्रश्न असा की प्राणी कायद्याने पदावर का बसू शकत नाही? उत्तर साधे आहे, पण त्याचे पदर उलगडून पाहायला हवेत. कोणत्याही निवडणुकीला उभे राहायचे तर उमेदवार नागरिक असावा लागतो, त्याचे ठरावीक वय पूर्ण झालेले असावे लागते, बऱ्याच ठिकाणी त्याचे नाव मतदारयादीत असावे लागते, त्याने अर्जावर सही करावी लागते आणि निवडून आल्यावर शपथ घ्यावी लागते. या सगळ्या अटींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे जबाबदारी. पदाधिकाऱ्यावर खटला भरता येतो, त्याच्याकडून खुलासा मागता येतो, त्याला पदावरून दूर करता येते. प्राण्याला कोणत्याही गोष्टीसाठी जबाबदार धरता येत नाही. म्हणूनच, ज्यांना जबाबदार धरूनही काही होत नाही अशा माणसांवर बोट ठेवायचे असते तेव्हा, लोकांना प्राणी आठवतो.

हे नियम कागदावर कितीही कडक असले तरी ते लागू करणारा शेवटी माणूसच असतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या मिल्टन या छोट्या गावात १९३८ मध्ये हे उघड झाले. गावाचे महापौर केनेथ सिमन्स हे डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. त्यांनी रिपब्लिकन पक्षाच्या एका स्थानिक पदासाठी बॉस्टन कर्टिस या नावाने उमेदवारी अर्ज दाखल केला. पद अगदी तळातले, एका मतदान विभागापुरते पक्षाचे काम पाहणाऱ्या समितीसदस्याचे. बॉस्टन कर्टिस हे एक खेचर होते. सिमन्स यांनी त्या खेचराला घेऊन जाऊन कागदपत्रांवर सहीच्या जागी त्याच्या खुराचा ठसा उमटवला होता. हा ठसा कोणाला खटकला नाही. नाव मतपत्रिकेवर छापले गेले, विरोधात कोणी नव्हते आणि ५१ मतदारांनी बॉस्टन कर्टिसला मत दिले. विरोधात शून्य.

या प्रसंगाची मला सगळ्यात जास्त ओढ वाटते, कारण साओ पाउलोत मतदारांना आपण काय करतो आहोत हे पक्के ठाऊक होते, मिल्टनमध्ये ते ठाऊकच नव्हते. त्या ५१ माणसांनी खेचराला मत दिले नव्हते. मतपत्रिकेवर आपल्या पक्षाच्या रकान्यात एकच नाव दिसले, ते नाव माणसाचे वाटले आणि त्यांनी खूण केली. सिमन्स यांना हेच दाखवायचे होते की लोक कोणाला मत देतो आहोत हे न पाहता मत देतात. विरोधी पक्षाची फजिती करण्याचा त्यांचा हेतूही लपलेला नव्हता आणि त्यामुळे त्यांच्या धड्याला थोडा कमीपणा येतो. तरी धडा खोटा ठरत नाही. मत देण्यापूर्वी त्या रकान्यातल्या नावांपैकी किती जणांची आपण चौकशी करतो, हा प्रश्न त्या खुराच्या ठशाने कायमचा नोंदवून ठेवला आहे.

मतपत्रिकेवर स्वतः नाव लिहिण्याची सोय अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत आजही आहे. त्यामुळे दर निवडणुकीला व्यंगचित्रांतली पात्रे, पाळीव कुत्री, मांजरे यांची नावे तिथे लिहिली जातात. पण अनेक राज्यांनी आता अशी अट घातली आहे की, ज्याचे नाव लिहायचे त्याने आधी नोंदणी केलेली असावी, नाही तर ते नाव मोजलेच जाणार नाही. मेक्सिकोत मतपत्रिकेवर नोंदणी नसलेल्या उमेदवारासाठी वेगळी चौकट असते आणि तिचा वापर २०१३ मध्ये हालापा शहरात झाला. वेराक्रूझ राज्याची राजधानी असलेल्या या शहराच्या महापौरपदासाठी मॉरिस नावाचा काळापांढरा बोका ‘उभा’ राहिला. उंदरांना मते देऊन कंटाळला असाल तर बोक्याला द्या, अशी त्याची घोषणा होती. मेक्सिकोत चोर, लबाड पुढाऱ्याला उंदीर म्हणतात, हे कळले की घोषणेतली धार कळते. मॉरिसचा प्रचार जवळजवळ पूर्णपणे समाजमाध्यमांवर झाला आणि तिथे त्याने खऱ्या उमेदवारांना मागे टाकले.

समाजमाध्यमे आल्यावर प्राण्याला मतपत्रिकेची गरजच उरली नाही, हे रशियातल्या बर्नाऊलने २०१५ मध्ये दाखवले. भ्रष्टाचाराच्या प्रकरणानंतर तिथल्या शहरप्रमुखाने राजीनामा दिला होता. नवा प्रमुख लोकांच्या थेट मतदानाने निवडला जाणार नव्हता. शहराच्या एका ऑनलाइन गटाने कौल घेतला, त्यात इच्छुक माणसांच्या नावांबरोबर बार्सिक नावाच्या बोक्याचे नाव टाकले आणि भाग घेणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांनी बोका निवडला. या कौलाला कायद्याने काहीही किंमत नव्हती. पण ज्यांच्या हातातून मतच काढून घेतलेले असते, त्यांना विचारले असते तर ते काय म्हणाले असते, याची ती एक नोंद होती.

आतापर्यंतची उदाहरणे खालून वर झालेल्या उपहासाची होती. वरून खाली होणारा उपहासही असतो आणि तो फार जुना आहे. रोमचा सम्राट कॅलिग्युला याने इन्सिटाटस या आपल्या घोड्याला कॉन्सल केले, असे सर्रास सांगितले जाते. कॉन्सल हे रोममधले सर्वोच्च निर्वाचित पद. पण जुन्या ग्रंथांत तसे लिहिलेले नाही. रोमन चरित्रकार स्युटोनियसने लिहिले आहे की घोड्यासाठी संगमरवरी तबेला, हस्तिदंती गव्हाण आणि जांभळी वस्त्रे होती, आणि त्याला कॉन्सल करण्याचा सम्राटाचा विचार होता असे म्हणतात. नंतरचा इतिहासकार कॅसियस डिओही केवळ तसे वचन दिल्याबद्दलच बोलतो. इ.स. ४१ मध्ये कॅलिग्युलाचा खून झाला आणि घोडा त्या पदावर कधीच बसला नाही. पूर्वी या कथेकडे वेडाचा पुरावा म्हणून पाहिले जाई. आज काही इतिहासकार तिच्याकडे अपमानाची भाषा म्हणून पाहतात. ज्या पदासाठी सिनेटमधले उमराव आयुष्य वेचत, ते पद माझा घोडाही भूषवू शकतो, असे सम्राट त्यांना सांगत होता. सत्ताधाऱ्याने प्राणी पुढे केला की अपमान पदाचा आणि ते पद हवे असलेल्यांचा होतो, आणि त्यावर हसणे कोणालाच परवडत नाही. खालच्याने प्राणी पुढे केला तर त्याची किंमत त्याला स्वतःलाच मोजावी लागते. २३ ऑगस्ट १९६८ रोजी शिकागोत युद्धविरोधी तरुणांनी पिगॅसस नावाचे डुक्कर अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून जाहीर केले, तेव्हा पोलिसांनी डुकराबरोबर त्या तरुणांनाही पकडून नेले.

यापेक्षा अगदी निराळा, आणि ज्याबद्दल सर्वाधिक गैरसमज आहे असा प्रकार म्हणजे मानद महापौर. अलास्कातल्या टॉकीटना या गावात स्टब्ज नावाचा तांबूस बोका १९९७ पासून २०१७ पर्यंत ‘महापौर’ होता. गावातल्या लोकांना उभे असलेले उमेदवार आवडले नाहीत, म्हणून त्यांनी बोक्याचे नाव लिहून त्याला निवडून आणले, अशी बातमी जगभर छापली गेली. ती खरी असू शकत नाही, कारण टॉकीटनाला महापौराचे पदच नाही. अमेरिकेत अनेक वस्त्या अशा आहेत ज्यांची स्वतःची नगरपालिका नसते. त्यांचे रस्ते, कर अशी कामे वरची काउंटी, म्हणजे जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग, पाहते, अलास्कात तिला बरो म्हणतात. अशा वस्तीला नाव असते, टपाल कार्यालय असते, दुकान असते, पण नगरसभा नसते आणि महापौर नसतो. जिथे खुर्चीच नाही तिथे निवडणूक कशाची होणार? स्टब्ज गावातल्या जनरल स्टोअरमध्ये राहायचा, लोक त्याला कौतुकाने महापौर म्हणायचे आणि पर्यटक त्याला भेटायला यायचे. त्याचे पद एवढेच होते आणि त्यात कोणाचा निषेध नव्हता.

कॅलिफोर्नियातल्या सुनोल या वस्तीचीही हीच स्थिती. तिथे १९८१ मध्ये बॉस्को रामोस नावाचा कुत्रा दोन माणसांना मागे टाकून मानद महापौर झाला आणि १९९४ मध्ये मरेपर्यंत राहिला. १९८९ मध्ये बीजिंगच्या तियानानमेन चौकातले लोकशाहीवादी आंदोलन चिरडले गेल्यानंतरच्या काळात चीनमधल्या सरकारी वृत्तपत्राने पाश्चात्त्य लोकशाहीच्या ऱ्हासाचे उदाहरण म्हणून बॉस्कोचे नाव घेतले होते. मोकळी जागा न पाहता फक्त प्राणी पाहिला की वाचन किती चुकते, ते यावरून दिसते. सुनोलच्या लोकांनी कोणतेही सरकारी पद कुत्र्याला दिले नव्हते, कारण त्यांच्याकडे देण्यासारखे पदच नव्हते.

केंटकीतल्या रॅबिट हॅश या छोट्याशा वस्तीने या रिकाम्या खुर्चीचा उपयोग करून घेतला. १९९८ पासून तिथे कुत्रे महापौर ‘निवडले’ जातात आणि एका मताची किंमत एक डॉलर असते. हवी तितकी मते विकत घ्यावीत, कुठूनही द्यावीत, वय कितीही असावे. खऱ्या निवडणुकीत जे जे गुन्हा ठरेल ते सारे इथे उघडपणे चालते, कारण जमलेला पैसा वस्तीची जुनी घरे आणि दुकान जपणाऱ्या इतिहास मंडळाला जातो. तिथले जनरल स्टोअर २०१६ मध्ये आगीत जळाले आणि पुन्हा उभारले गेले. २०२० मध्ये विल्बर नावाच्या फ्रेंच बुलडॉगला १३,००० हून अधिक मते पडली. वस्तीच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट ही मते आहेत आणि त्यात आश्चर्य नाही, कारण ही देणग्यांची मोजणी आहे. व्हर्मांटमधल्या फेअर हेवन गावात, जिथे महापौर नसून नेमलेला व्यवस्थापक कारभार पाहतो, तिथे मुलांच्या खेळाच्या मैदानासाठी पैसे उभे करायचे म्हणून २०१९ मध्ये पाळीव प्राण्यांतून महापौर निवडला गेला. लिंकन नावाच्या शेळीने सॅमी नावाच्या कुत्र्याला १३ विरुद्ध १० मतांनी हरवले. मुलांना निवडणूक म्हणजे काय ते कळावे, हाही हेतू होता.

लंडनच्या १० डाउनिंग स्ट्रीटमधला, म्हणजे ब्रिटिश पंतप्रधानांच्या कार्यालयातला लॅरी नावाचा बोका या कोणत्याच प्रकारात बसत नाही. तो निवडलेला नाही, नेमलेला आहे. १५ फेब्रुवारी २०११ रोजी तो बॅटरसीच्या प्राणी आश्रयगृहातून आला आणि ‘मुख्य उंदीरमार’ हे पद अधिकृतपणे मिळालेला पहिला बोका ठरला. डेव्हिड कॅमेरॉन पंतप्रधान असताना तो आला आणि त्यांच्यानंतर थेरेसा मे, बोरिस जॉन्सन, लिझ ट्रस, ऋषी सुनक आणि किअर स्टार्मर येईपर्यंत तो तिथेच राहिला. पंतप्रधान बदलला तरी बोका का बदलत नाही, याचे कारण तो पंतप्रधानाचा पाळीव प्राणी नसून कार्यालयाचा आहे. ब्रिटिश नोकरशाहीत मंत्री जातात आणि कायम कर्मचारी राहतात. हा घटनात्मक संकेत पुस्तकातून समजावायला पाने लागतात, लॅरीकडे बोट दाखवले की तो शाळकरी मुलालाही कळतो.

या परंपरेचा उगम विनोदात नाही. उंदीर खरे होते आणि फायली कुरतडत होते. ३ जून १९२९ रोजी ब्रिटिश अर्थखात्यातल्या एका अधिकाऱ्याने कार्यालयाची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याला किरकोळ खर्चाच्या रकमेतून रोज एक पेनी ‘कार्यक्षम मांजराच्या’ पालनपोषणासाठी खर्च करण्याची लेखी परवानगी दिली. १९३२ मध्ये ही रक्कम आठवड्याला दीड शिलिंगापर्यंत वाढवली गेली. मला हा कागद फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथे प्राणी मोकळ्या जागेतून शिरलेला नाही. त्याच्यासाठी रीतसर जागा केली आहे, तीही काम पाहून आणि हिशेब मांडून. पुढे हम्फ्री नावाचा बोका १९९७ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याला मारून टाकले असावे अशी शंका पसरली, आणि सरकारला त्या दिवसाच्या वर्तमानपत्रांबरोबर त्याचे छायाचित्र काढून तो जिवंत असल्याचे दाखवावे लागले. एका मांजराबद्दल सरकारला जनतेपुढे खुलासा करावा लागला, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

शेवटी त्या प्राण्यांबद्दल, कारण या सगळ्यात त्यांना कोणी विचारलेले नसते. टेक्ससमधल्या लाहितास या वस्तीत महापौर म्हणवल्या जाणाऱ्या क्ले हेन्री नावाच्या बोकडाला पर्यटक बिअर पाजत असत आणि त्याच नावाच्या पुढच्या एका बोकडाला २००१ मध्ये एका माणसाने चाकूने गंभीर जखमी केले. प्रसिद्धी माणसाला मिळते तेव्हा तिच्यापासून दूर जाण्याची वाट त्याला माहीत असते. पिंजऱ्यातल्या किंवा दुकानाच्या दारातल्या जनावराला ती नसते. ज्यांनी प्राण्याला पद दिले त्यांनीच त्याची वेळ, त्याचे खाणे आणि त्याच्याभोवतीची गर्दी यांवर लक्ष ठेवले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते, मग ते पद कितीही लटके असो.

टॉकीटनाच्या स्टब्जवर २०१३ मध्ये एका कुत्र्याने हल्ला केला. त्याच्या फुप्फुसाला छिद्र पडले आणि छातीचे हाड मोडले. उपचारांसाठी दूरदूरच्या अनोळखी लोकांनी पैसे पाठवले आणि तो वाचला. जुलै २०१७ मध्ये तो गेला तेव्हा २० वर्षे ३ महिन्यांचा होता. त्याच्यानंतर त्या दुकानातल्या डेनाली नावाच्या मांजराच्या पिल्लाला लोक महापौर म्हणू लागले.